पाट्याखालचं रतनपुरुष

टिक्.

एवढाच आवाज झाला. स्टीलच्या ताटलीवर ज्वारीचा एखादा दाणा पडावा, तेवढा. पण दुपारच्या वेळी आमच्या खोलीत तेवढाही आवाज चालत नाही. ज्योतीराम रात्रपाळी करून आलेले असतात आणि डोक्यापर्यंत चादर ओढून खाटेवर झोपलेले असतात. खोली एकच. म्हणून दुपारी या घरात भांडं घासायचं नाही, कडी वाजवायची नाही, आणि खोकला आलाच तर पदरात तोंड खुपसून खोकायचं.

चादर हलली. सगळ्यांनी श्वास धरला. मग चादर पुन्हा गप्प झाली.

"आई," मंजुळा अगदी हळू कुजबुजली, "त्या बोंडानं बी फेकलं. माझ्या गालाला लागलं."

मलाही एक लागलं होतं. मी जवळच होतो, मोरीच्या तोंडाशी.

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. पाटा माझा थोरला भाऊ. त्याला हल्ली भिंतीला टेकवून उभा केलाय आणि त्याच्यापुढे रॉकेलचा डबा ठेवलाय. मला मोरीच्या दाराला अटकाव म्हणून लावलंय, वाऱ्यानं दार आपटून ज्योतीरामची झोप मोडू नये म्हणून. ज्याचं सगळं आयुष्य पुढे-मागे फिरण्यात गेलं, त्याला असं एका जागी खोचून ठेवलं की कसं वाटतं, ते काय सांगू? पण ही गोष्ट मी माझ्या एकट्याची सांगणार नाही. या खोलीत माझ्याआधीपासून अडकलेलं एक नाव आहे. ते एकदा एका फुलावर बसून इथून बाहेर पडणार होतं. पडता पडता राहिलं. त्याची ही गोष्ट.

माझा जन्म पाथर्डीकडचा. काळ्याभोर दगडातून एका पाथरवटानं मला घडवलं. आधी मोठ्या छिन्नीनं, मग बारीक टाकीनं, मग वाळूनं घासून घासून. सोजराबाईंनी मला दोन्ही हातांत धरून तोललं, गालाला लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो गार हाय. ह्योच दे." तेव्हापासून मी त्यांचा. पुढे पाथर्डीकडे पाऊस पडेना, तेव्हा त्यांचे मालक चिंचवडला नव्या कारखान्यात लागले. चिंचवडला तेव्हा नुसता माळ होता आणि माळावर एकेक शेड उभी राहत होती. आम्ही एसटीच्या टपावरून आलो. पाटा गोधडीत, मी धान्याच्या पोत्यात. कंडक्टर म्हणाला, "मावशे, दगडं कशाला नेतीस? तिकडं दगडच दगड हायेत की!" सोजराबाई म्हणाल्या, "तिकडची दगडं माझ्या हाताला वळखीत न्हाईत."

ते माझे सुखाचे दिवस होते. सकाळी लसूण-मिरची, सणाला पुरण, थंडीत तीळ. चाळीतल्या बायका माझं वाटण नेऊन चव घ्यायच्या. दारावरून "टाकी लावून घेणार का, टाकी" अशी हाक आली की पाट्याला पुन्हा नवी खरखर मिळायची आणि आम्ही दोघे नव्यासारखे व्हायचो. चाळीत कुणाकडेही बारसं असलं तरी आधी मला बोलावणं यायचं. मला आंघोळ घालायचे, हळद-कुंकू लावायचे, टोपडं चढवायचे आणि पाळण्याखालून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात द्यायचे. मग खऱ्या बाळाच्या कानात त्याचं नाव सांगायचे. मी आजवर कितीतरी नावं जन्माला येताना ऐकली. माझ्या कानात मात्र कुणी काही सांगितलं नाही. दगडाला नाव कशाला हवं? मला त्याचं वाईट वाटायचं नाही. वाईट वाटावं असं काही त्यात आहे, हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग सोजराबाईंच्या मुलाचं, ज्योतीरामचं लग्न झालं.

मुलगी निघोज्याची. नदीकाठच्या गावची म्हणून वडिलांनी नाव ठेवलं होतं इंद्रायणी. आई लहानपणीच गेलेली. वडिलांनी हट्टानं पुण्याला कॉलेजात पाठवलं होतं, आणि ती वनस्पतिशास्त्र शिकली होती. घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी ताटात तांदूळ पसरले गेले. ज्योतीरामनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळात हळूहळू अक्षरं कोरली. केसर.

"माझ्या आईचं नाव हाय," सोजराबाई सगळ्यांना सांगत होत्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "लई सोसलं तिनं. मरताना तिच्या तोंडात पानी घालायला बी म्या नव्हते. आता तिचं नाव माझ्या घरात हिंडू दे, फिरू दे."

नवी सून वाकली, पाया पडली. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजले.

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मला हातात घेतलं. चटणी वाटता वाटता ती स्वतःशीच पुटपुटत होती, "केसर. केसर. केसर." नवी चप्पल पायात घालून घरातल्या घरात चालून बघावी, तसं. मी तिला मनातल्या मनात इंद्रायणीच म्हणत राहिलो. दगडाला कोण विचारतंय?

सोजराबाई वाईट नव्हत्या, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो. पण खोली लहान होती. उंबऱ्याबाहेर गॅलरी, गॅलरीत चार बायका, आणि त्या चार बायकांचे आठ डोळे. सून माळावर एकटी गवतात बसून फुलं बघते, हे कुणाला समजवायचं? एकदा ती स्टेशनामागच्या माळावर गेली, तर संध्याकाळपर्यंत चाळभर झालं होतं की केसरबाईंचं काहीतरी हरवलंय. सोजराबाई म्हणाल्या, "बाई, फुलं बघायची तर देवाच्या टोपलीत बघ." त्यानंतर ती गेली नाही. दुपारी सगळे झोपले की खिडकीच्या गजांना कपाळ टेकून उभी राहायची. खिडकीतून दिसायची समोरच्या चाळीची खिडकी.

तिच्या कॉलेजच्या बाई, इंदुताई, एकदा बसनं घरी आल्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, चपलांना लाल माती. त्या दिवशी ज्योतीरामना सुट्टी होती, त्यामुळे मोठ्यानं बोलता येत होतं.

"मी आपल्या देशातल्या सगळ्या व्हायोलेटांची नीट मांडणी करतेय," इंदुताई म्हणाल्या. "कोण कुणाचं भावंड, कुणाचं नाव कुठलं, कोणतं कुठे उगवतं."

"म्हणजे काय म्हणायचं?" सोजराबाईंनी विचारलं.

"सर्दीच्या काढ्यात तुम्ही बनफशा घालता ना, आजी? तो व्हायोलेटच. थंड डोंगरातला. आणि त्याचा एक चुलतभाऊ तुमच्या इथल्या उन्हातल्या माळावर असतो. रतनपुरुष."

"अगं बाई! ते गवतातलं? एक पाकळीचं?"

"पाकळ्या पाच असतात," इंद्रायणी पटकन बोलून गेली. लग्नानंतर इतक्या झटकन आणि इतक्या मोठ्यानं बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य असावं. "चार अगदी बारीक, आत दडलेल्या. एकच मोठी, जिभेसारखी बाहेर लोंबते. म्हणून लोकांना ती एकच दिसते."

ज्योतीराम हसले. "आमच्या कंपनीत बोल्टाला बी नंबर असतो राव. फुलाला नाव असलं तर काय बिघडलं? कर तू. पण घरातल्या घरात हां."

इंदुताईंनी तिला काम दिलं. या पट्ट्यातली, म्हणजे चिंचवडपासून चाकणपर्यंतची रतनपुरुषं मिळतील तशी गोळा करायची. मूळ, पान, फूल, बोंड असं सगळं असलेली. वाळवून, दाबून ठेवायची. एका पावसाळ्याची मुदत.

दाबायला लाकडी फळ्या लागतात, पट्टे लागतात. ते कुठून आणायचं? इंद्रायणीची नजर आमच्याकडे वळली.

आमची नवी नोकरी अशी सुरू झाली. सकाळी वाटण झालं की ती आम्हाला घासायची, फडक्यानं कोरडं करायची, थोडा वेळ उन्हात ठेवायची. मग जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये देवळाला-बाजाराला जाता-येता आणलेली फुलं, त्यावर पाटा आणि पाट्यावर मी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. ओल शोषलेले कागद रोज बदलायचे.

"वाटन करू का फुलं वाळवू?" सोजराबाई कुरकुरायच्या. "माझा वरवंटा काय कामाला लागलाय बघा. नोकरी लागली त्याला." पण उचलून ठेवायच्या नाहीत. पाट्याला हात लावण्याआधी विचारायच्या, "झालं का गं तुझं?"

खरं सांगू? मला ते काम आवडलं नाही. माझं काम फिरण्याचं. आणि इथे मला नुसतं पडून राहायचं होतं, खाली काहीतरी जिवंत चिरडत. पाट्याखालून कधी कधी कागदाचा करकर आवाज यायचा. एखादा देठ अजून वळायला बघत असायचा. मी मनातल्या मनात म्हणायचो, बाबा, माझा इलाज नाही. मग दुपारी इंद्रायणी यायची, घडी उघडायची आणि काचेच्या भिंगातून त्या फुलाकडे बघत बसायची. तेवढा वेळ तिचा चेहरा गजांमागचा वाटायचा नाही. मग मला वाटायचं, असू दे. कुणाला तरी दाबल्याशिवाय त्याच्याकडे इतकं नीट बघता येत नसेल, तर असू दे.

त्या श्रावणात ती पोटुशी होती. पंचमीला भाऊ न्यायला आला आणि ती निघोज्याला गेली. परत आली ती डालड्याच्या डब्यात एक रोप घेऊन. नदीकडच्या उतारावर सापडलं होतं. भाऊ एसटी चुकेल म्हणून ओरडत होता, अंधारून आलं होतं, तिनं ते मातीसकट उपटून घेतलं. पानं नेहमीच्या रतनपुरुषापेक्षा रुंद होती. तिला तेवढ्यावरूनच काहीतरी वाटलं होतं. चिंचवडच्या खिडकीत त्याला आणखी काही फुलं आली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं ती सगळी फुलं आणि पानांच्या एक-दोन फांद्या खुडून आमच्याखाली दाबल्या आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, एवढं सांभाळा."

मुलगी झाली. इंद्रायणी परत आली ती बाजेवर, कानाला फडकं बांधून, खाली शेगडी. बाळंतिणीनं उठायचं नाही, वाकायचं नाही, वाऱ्याला जायचं नाही. माझ्यापासून चार हातांवर ती होती आणि माझ्याखालच्या कागदापर्यंत तिला पोचता येत नव्हतं. ती नुसती बघायची. मधेच खिडकीतलं रोपही वाळून गेलं. एवढ्या गडबडीत त्याला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहणार?

आणि त्याच दिवसांत माझ्यावर हळद चढली. पाचवीच्या पूजेला मी होतो. रोज बाळाला लावायला ओली हळद माझ्याखाली वाटली जायची. सोजराबाईंचे हात त्या दिवसांत कोपरापर्यंत पिवळे असायचे. एक दिवस सगळं आवरून त्या पाट्याजवळ बसल्या. कागद ओलसर लागले त्यांना. सून रोज बदलते, हे त्यांनी बघितलेलं होतं. सून बाजेवर झोपली होती, तिला उठवायचं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच घड्या उघडल्या. एकेक फूल त्या लोंबणाऱ्या पाकळीच्या टोकाला धरून, बाळाचं बोट धरावं इतक्या हलक्या हातानं उचललं आणि कोरड्या कागदावर ठेवलं. जुने कागद शेगडीत गेले. मी पुन्हा वर.

इंद्रायणी जागी झाली तेव्हा त्या मोठ्या मानानं म्हणाल्या, "तुझं कागद बदललं हां म्या. येक बी फूल मोडलं न्हाई."

इंद्रायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई," एवढंच म्हणाली.

बारशाला मला पुन्हा टोपडं घातलं गेलं. ज्योतीरामच्या बहिणीनं बाळाच्या कानात सांगितलं, मंजुळा.

महिना-सव्वा महिना गेला. इंद्रायणी हिंडूफिरू लागली. पहिल्या मोकळ्या दुपारी तिनं घडी उघडली, भिंग लावलं, आणि तिचा हात थांबला. फुलं वाळून फिकी झाली होती. पण प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळी किनार होती. एका फुलाला नाही, सगळ्या फुलांना. तिनं पुस्तक उघडलं, दुसरं उघडलं. अशी किनार कुठेच नव्हती.

"ताजं असताना नव्हतं दिसलं," ती बाळाला पायावर झोके देत पुटपुटत होती. "का मीच नीट बघितलं नाही? घाईत होते ना गं मी. अंधार होता. आणि वाळल्यावर रंग फुटत असेल."

मला सगळं माहीत होतं. माझ्या अंगात अजून तो वास होता. पण दगडाला तोंड नसतं.

तिनं इंदुताईंना निरोप पाठवला. त्या दुसऱ्याच आठवड्यात आल्या, दुपारीच. ज्योतीराम झोपलेले, म्हणून सगळं कुजबुजत. इंदुताईंनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"रुंद पान. पिवळी किनार. हे आपल्या यादीतलं नाही गं. हे नवं असू शकतं."

"मग त्याचं नाव?" इंद्रायणीनं विचारलं.

"नाव द्यावं लागेल. आपलं नाव आपण स्वतः देत नसतो, पण मी देईन. जिनं शोधलं तिचं नाव फुलाला देतात." त्या हसल्या. "इंद्रायणी."

मित्रांनो, त्या क्षणी मी तिच्याकडे बघत होतो. नाव ऐकून माणूस वळतं ना, तशी ती वळली. कुणीतरी गॅलरीतून हाक मारली असं वाटून. तांदळात कोरलेलं नाव एका दिवसात शिजलं होतं. हे नाव मात्र पुस्तकात छापलं गेलं असतं आणि जगाच्या पाठीवर जिथे कुणी हे फूल बघेल तिथे उच्चारलं गेलं असतं. तिला स्वतःला या खोलीतून बाहेर पडायची गरजही नव्हती. नाव गेलं असतं तरी पुरे होतं.

"कोन इंद्रायनी?" सोजराबाईंनी अडकित्ता थांबवून विचारलं. त्या भिंतीशी पान जमवत बसल्या होत्या. "आमच्या घरात केसर हाय."

 चादर हलली आणि थांबली.

"आजी, तुमच्या सुनेचंच कौतुक चाललंय," इंदुताई म्हणाल्या. "थोडं गरम पाणी देता का? एक फूल भिजवून उघडून बघायचंय."

वाळलेलं फूल गरम पाण्यात सोडलं की पुन्हा मऊ होतं आणि त्याचे भाग सुटे करता येतात. वाटी आली. फूल पाण्यात पडलं, हळूहळू पाकळी पसरली. आणि पाकळीच्या टोकापासून पिवळा धूर पाण्यात उतरायला लागला.

"काही फुलांचा रंग सुटतो," इंदुताई म्हणाल्या आणि सुई काढायला पिशवीत वाकल्या.

इंद्रायणी वाटीकडे बघत राहिली. मग तिनं वाटी उचलली आणि वास घेतला. इंदुताईंचं तोंड पिशवीत होतं. ती गप्प राहिली असती तर? कागद पुण्याला गेले असते, नाव लागलं असतं, पुढे कधीतरी कुणी शोधून काढलं असतं किंवा नसतंही काढलं. मला माझं वजन जाणवलं. मग ती उठली, सोजराबाईंच्या पुढ्यातली चुन्याची डबी घेतली, बोटाच्या टोकावर ओला चुना घेतला आणि दुसऱ्या एका कोरड्या फुलाच्या पिवळ्या किनारीला लावला.

किनार लाल झाली. कुंकवासारखी.

"हळद आहे, बाई," ती म्हणाली. "फुलाची नाही. आमच्या घरातली."

 इंदुताईंनी भिंग पुसलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "पान रुंद असणं एवढ्यावर नवं ठरत नाही गं. सावलीत वाढलं की होतं तसं. हे आपलं रतनपुरुषच." थोडं थांबून म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून माझी मांडणी खरी राहिली."

सोजराबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसल्या होत्या. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "म्या तर जपून उचललं होतं गं." इंद्रायणी त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या मांडीवरची सुपारी गोळा करायला लागली. त्या दिवसानंतर सोजराबाई त्या कागदांजवळून नुसत्या जायच्या असल्या तरी आधी मोरीत जाऊन हात धुवायच्या. कोरडे, स्वच्छ हातसुद्धा.

निघताना इंदुताईंनी एका जाड कागदावर एक फांदी चिकटवली. ती आठवण म्हणून घरीच राहणार होती. खाली चिठ्ठी लावली. वनस्पतीचं नाव, ठिकाण निघोजे, महिना, साल. शेवटची ओळ होती, गोळा करणाऱ्याचं नाव.

"इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं.

इंद्रायणीनं तोंड उघडलं. तेवढ्यात बाळ रडलं, ज्योतीरामनी चादर झुगारली, आणि ती धावली. इंदुताईंची बस होती. ती ओळ तशीच राहिली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माळ गेले, शेडी आल्या. दिवाळीच्या बोनसमधून मिक्सर आला आणि चाळीत पेढे वाटले. मिक्सरचा आवाज एवढा मोठा, की ज्योतीराम झोपले असताना तो लावता येत नाही. तरी आता वाटणाला कुणी माझ्याकडे येत नाही. पाट्याची टाकी बुजली. दारावरची हाकही येईनाशी झाली. मी मोरीच्या दारात आलो. इंद्रायणी अजून दुपारी भिंग काढते, पण कधीतरी. हातात मुलीचं स्वेटर असतं, उशाशी तिचा अभ्यास.

मित्रांनो, मला तुमच्याकडून एकच हवंय. घरातल्या जुन्या वस्तू टाकू नका, असं मी म्हणणार नाही. वस्तू जुन्या होतात, बाजूला पडतात, ते चालायचंच. पण कुणाच्या नाजूक गोष्टीवर तुमचं ओझं ठेवणार असाल, कुणाला प्रेमानं उचलणार असाल, तर आधी आपले हात बघा. आपला रंग त्याला लागतो. लावणाऱ्याला तो कळतही नाही.

आता पुन्हा त्या टिक् आवाजाकडे येतो.

मंजुळाला शाळेतून रानातली पानं-फुलं दाबून आणायला सांगितलंय. शाळेमागच्या कुंपणाशी तिला रतनपुरुष मिळालं. आईनं मला मोरीतून काढलं, घासलं, फडक्यानं कोरडं केलं. किती दिवसांनी! मोरीच्या तोंडाशीच ताटलीत रोप होतं. त्याचं पिकलेलं बोंड तडकलं आणि बिया खोलीभर उडाल्या. कोंडून ठेवलेलं काहीतरी एकदम सुटावं तशा.

आईनं नमुन्याला म्हणून ट्रंकेतला तो जाड कागद काढला. मंजुळा त्यावरून वही भरत होती. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जुळवत. "हाय-बँ-थस ए-नि-आ-स्पर्-मस. आई, एवढं अवघड का गं?"

"एनिआस्पर्मस म्हणजे नऊ बियांचं. फार फार वर्षांपूर्वी याला पहिल्यांदा शास्त्रातलं नाव मिळालं, तेव्हा याला व्हायोलेटच म्हटलं होतं. नऊ बियांचं व्हायोलेट. मग लोकांनी याला दुसऱ्या घरात घातलं, वेगळी नावं दिली, खूप घोळ झाला."

"मग खरं कुठलं?"

"तो एक नियम आहे. घर बदललं तरी नीट दिलेलं पहिलं नाव सोडायचं नाही. ते बरोबर न्यायचं. म्हणून 'नऊ बियांचं' अजून आहे. नंतर दिलेली नावं त्याच्या खाली, कंसात लिहायची."

मंजुळानं मान हलवली. ती चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीपाशी आली. बोट ठेवलं.

"आई, इथं नाव नाहीये. गोळा कुणी केलं?"

"मी."

"मग लिहू? केसर?" तिनं पेन्सिल टेकवली आणि उचलली. "पण मामा आला की तुला इंद्रायणी म्हणतो. आधी कुणी ठेवलं?"

"माझ्या वडिलांनी."

भिंतीशी सोजराबाई बसल्या होत्या. खूप थकल्यात आता. पानाला चुना लावता लावता त्यांचं बोट थांबलं होतं. त्या वर बघत नव्हत्या. खाटेवर चादर संथ हलत होती. इंद्रायणीच्या हातात मी होतो. मला फुलावर ठेवायला ती वाकली होती आणि तशीच वाकून राहिली होती.

मंजुळानं एकदा आजीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग बाबा उठू नयेत म्हणून आईच्या कानाशी तोंड नेऊन, बारशात नाव सांगतात तसं, हळूच विचारलं,

"मग आजीनं तिच्या आईचं दिलेलं नाव आपण कंसात लिहायचं का?"